पोट बांधणाऱ्या गोळीची बदनामी

दावतीत जेवायला बसण्याआधी एखादा माणूस बाजूला होऊन पोटात इन्सुलिन टोचून घेतो, तेव्हा कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. बीपीची गोळी चारचौघांत घेता येते. दम्याचा पंप जमातीला उभं राहण्याआधी मशिदीच्या सहनात बसून ओढता येतो, आणि शेजारचे लोक उलट काळजीने विचारतात. पण जुलाब रोखणारी दोन मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेणारा माणूस ती मुठीत लपवून घेतो. कुणी पाहिलं तर ‘डोकेदुखीची आहे’ असं सांगतो. मी ही कॅप्सूल गेली चौदा वर्षं घेतोय. ती लपवावी लागते याला कारण असलेल्या समजांशी मला भांडायचं आहे, कारण त्या समजांपायी माणसं नोकऱ्या सोडतात, प्रवास सोडतात, जुम्याची नमाज सोडतात, आणि हे का सोडलं ते कुणाला सांगत नाहीत.

आधी आजाराबद्दल. त्याला इरिटेबल बाउल सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आयबीएस. त्याचे प्रकार आहेत. कुणाला बद्धकोष्ठ होतो, कुणाला जुलाब, कुणाला आलटून पालटून दोन्ही. मी जुलाबवाल्यांबद्दल बोलतोय. आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखणं, ते दुखणं शौचाशी जोडलेलं असणं, शौचाच्या खेपा किंवा शौचाचं स्वरूप बदलणं, आणि हे सगळं महिनोन्‌महिने चालणं, अशी त्याची व्याख्या डॉक्टर मंडळी करतात. दुर्बीण घालून पाहिलं तर आतडं स्वच्छ दिसतं. रक्त तपासलं तर ठीक. सोनोग्राफी ठीक. आणि इथेच रुग्णाचं नशीब फुटतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरच्यांच्या लेखी आजार संपतो.

आजार संपलेला नसतो. सकाळी दोन घास पोटात गेले की अर्ध्या तासात मुरडा येतो, कारण जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालण्याचा इशारा जातो. तो सगळ्यांनाच जातो, पण आमच्या आतड्याला जरा जास्त जोरात ऐकू येतो. मग माणूस बाहेर पडण्याआधी खाणंच बंद करतो. एसटीत बसायचं तर आदल्या रात्रीपासून उपाशी. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नाही, म्हणून विरार ते चर्चगेट हा प्रवास त्याच्यासाठी कुठल्या कुठल्या स्टेशनावर उतरता येईल याची यादी असते. परीक्षेचा हॉल, मुलाखत, भावाचा निकाह, शेजाऱ्याची मय्यत, सगळीकडे जाण्याआधी एकच प्रश्न: तिथे संडास कुठे आहे? या आजाराने माणूस मरत नाही, हे खरं आहे. पण त्याचं जग आक्रसत आक्रसत घर ते संडास एवढंच उरतं.

आता औषधाबद्दल. लोपेरामाइड हे औषध बेल्जियमच्या जान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ साली तयार झालं. जुलाबावर अफू देण्याची रीत फार जुनी. हकीम आणि वैद्य दोघांनाही ती माहीत होती. अफू आतड्याची चाल मंद करते, पण सोबत नशा आणते आणि व्यसन लावते. लोपेरामाइड अफूच्याच कुळातलं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं. ठरलेल्या मात्रेत ते मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या उंबरठ्यावरचे पहारेकरी त्याला बाहेर ढकलतात. ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर काम करतं. आतड्याची ढकलाढकल मंदावते, अन्न आत जास्त वेळ राहतं, त्यातलं पाणी शोषलं जातं, आणि गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो. एवढंच ते करतं. आमच्यासाठी हे ‘एवढंच’ म्हणजे दोन तासांचा बसप्रवास असतो.

या गोळीवरचा पहिला आक्षेप घराघरांत ऐकू येतो. ‘जुलाब थांबवू नयेत, घाण बाहेर पडू द्यावी.’ आमच्याकडे दखनीत म्हणतात, ‘पेट बांधनेकी गोली मत खा, जहर अंदर रह जाता.’ हा समज आला कुठून, ते पाहिलं पाहिजे, कारण तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. तो एका मोठ्या आणि खऱ्या शहाणपणातून आलाय. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. ओआरएसने त्यानंतर जगभर कोट्यवधी मुलं वाचवली. त्यातून डॉक्टरांच्या पिढ्यांनी एक धडा घेतला: जुलाब थांबवण्याच्या मागे लागू नका, गेलेलं पाणी भरून काढा.

धडा बरोबरच आहे. त्याला दुसरी एक दुःखद पुस्तीही आहे. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या काही तान्ह्या मुलांच्या आतड्यांची हालचालच बंद पडली, आणि त्यांतली काही दगावली. कंपनीला ते थेंब बाजारातून मागे घ्यावे लागले. लहान मुलांच्या जुलाबावर ही औषधं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याचमुळे. हे मला शंभर टक्के मान्य आहे. तान्ह्या मुलाला ही गोळी देणाऱ्याचा हात मी स्वतः धरेन.

पण मी तान्हा नाही, आणि मला कॉलरा झालेला नाही. माझ्या आतड्यात बाहेर पडायला हवं असं कुठलंच जहर नाही. संसर्गाच्या जुलाबात शरीर जंतूला बाहेर हाकलत असतं. आयबीएसमध्ये आतडं कुणालाच हाकलत नसतं, ते नुसतंच धावत असतं. चोर घरात शिरल्यावर कुत्रा भुंकतो तेव्हा त्याला गप्प करू नये, हे बरोबर. पण चोर नसताना चौदा वर्षं भुंकणाऱ्या कुत्र्यालाही गप्प करू नये, हे कुठलं शहाणपण? एका आजाराचा नियम दुसऱ्या आजाराला लावणं म्हणजे सावधगिरी नव्हे. तो विचार करण्याचा आळस आहे.

आणि या सावधगिरीचा दांभिकपणा पाहा. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘पोट बिघडलंय’ म्हणा. चिठ्ठी न विचारता ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या चार गोळ्या कागदात बांधून मिळतात. अँटिबायोटिक! ज्याच्या पोटात जंतू नाही त्याला जंतू मारायची औषधं, वर्षातून सहा-सहा वेळा. मी एका दुकानात लोपेरामाइड मागितलं तेव्हा काउंटरवरच्या भाईंनी मला सुनावलं की ही गोळी चांगली नाही, आतडं झोपतं. आणि लगेच त्याऐवजी अँटिबायोटिक पुढे केलं. गरज नसताना घेतलेलं अँटिबायोटिक आतड्यातल्या भल्या जंतूंचीही वाट लावतं आणि उरलेल्यांना निगरगट्ट करतं. त्यावर कुणी भाषण देत नाही. कारण अँटिबायोटिकला ‘इलाज’ म्हणतात, आणि आमच्या गोळीला ‘दाबणं’.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत येतो. ‘टेन्शन कमी कर, हे सगळं मनाचं आहे.’ पोट आणि मेंदू यांच्यात दुतर्फा तारा जोडलेल्या आहेत, हे मीच आधी कबूल करतो. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन आतड्यात तयार होतं. काळजी वाढली की माझं पोट बिघडतं. पण ‘मन कारणीभूत आहे’ आणि ‘आजार खोटा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपल्याकडे पहिलं म्हणून दुसरं ऐकवलं जातं. कितीतरी जणांचा आयबीएस एखाद्या साध्या जंतुसंसर्गानंतर सुरू होतो. दूषित पाण्याने पोट बिघडतं, जंतू जातो, पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात. अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास मागे लागतो, असं संशोधन सांगतं. गटाराचं पाणी नळात येणाऱ्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसाला ‘तुझं मन कमकुवत’ असं सांगणाऱ्याने आधी त्या वस्तीचा नळ उघडून पाहावा.

आणि समजा काळजीच कारण आहे. मग ती काळजी कशाची? ‘रस्त्यात लागली तर काय करू’ याची. खिशात गोळी आहे हे कळलं की माझी अर्धी काळजी गोळी न घेताच जाते. ज्याला मनाचा इलाज हवाय त्याने हेही मनाचाच इलाज म्हणून मोजावं.

तिसरा आक्षेप: ‘सवय लागेल.’ थायरॉइडची गोळी आयुष्यभर घेणाऱ्या माझ्या खालाला हे कुणी म्हणत नाही. चष्म्याची सवय लागेल म्हणून कुणी मुलाला अंधुक पाहत ठेवत नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २००८ साली आयबीएससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जुलाबासाठी आतड्याची चाल मंद करणारं पहिलं औषध म्हणून लोपेरामाइडच सांगितलं आहे, आणि रुग्णाला स्वतःची मात्रा शौच कसं होतंय ते पाहून कमी-जास्त करायला शिकवा, असंही सांगितलं आहे. शौच मऊ पण बांधलेलं व्हावं, हे ध्येय. कुणाला आठवड्यातून दोन कॅप्सूल पुरतात, कुणाला रोज एक लागते. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाहेर जायच्या दिवशी नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास एक घेतो, आणि घरी असलो तर बहुधा घेत नाही. याला व्यसन म्हणायचं असेल तर छत्रीलाही पावसाळ्याचं व्यसन म्हणा.

आता धोक्याचंही बोलतो, कारण बाजू मांडणाऱ्याने धोका लपवला तर त्याची बाजू पडते. ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा घेतली तर हे औषध हृदयाचा ठोका बिघडवतं आणि जीवही घेऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली असा इशारा दिला, कारण तिथे काही लोक अफूची तलफ भागवायला याच्या मूठभर गोळ्या खात होते. तिथे स्वतःहून घ्यायची कमाल मात्रा दिवसाला आठ मिलिग्रॅम, म्हणजे चार कॅप्सूल, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोळा. बुरशीवरची काही औषधं आणि हृदयाची काही औषधं याच्यासोबत चालत नाहीत. ताप आणि रक्ताची आव असेल, अँटिबायोटिकनंतर जोराचे जुलाब लागले असतील किंवा आतड्याचा दाह उसळला असेल, तर ही गोळी घेऊ नये; आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. आणि ही गोळी पोटदुखीवर फारशी चालत नाही, ती फक्त धाव थांबवते. दुखण्यासाठी वेगळे उपाय आहेत. काहींना अमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाची अगदी कमी मात्रा उपयोगी पडते. काहींना मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने आखलेला आहार मानवतो, ज्यात कांदा, लसूण, गहू, चणे कमी करायचे असतात. कांद्याशिवाय बिर्याणी करायला सांगणाऱ्या त्या शास्त्रज्ञांना आमच्या अम्मीसमोर उभं करायची माझी हिंमत नाही, पण उपाय खरा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी निदान, मग गोळी. शौचावाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप राहत असेल, रक्त कमी झालं असेल, पन्नाशीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तो आयबीएस समजून घरी बसू नका. आपल्या देशात आतड्याचा टीबी अजून भरपूर आहे आणि तो अशीच सोंगं घेतो. मी ज्या गोळीची वकिली करतोय ती तपासणी झालेल्या मोठ्या माणसाची गोळी आहे. तपासणी टाळण्याचं साधन ती नव्हे.

चौथा आक्षेप आपल्या मोहल्ल्यातला आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. ‘अफूची गोळी म्हणजे हराम.’ ‘वुजू टिकत नाही तर ईमान कच्चं असेल.’ ‘रोजा न ठेवायचा बहाणा.’ पहिल्याचं उत्तर वर आलंच. ठरलेल्या मात्रेत जी नशा आणत नाही तिला नशेच्या रांगेत बसवू नका. बाकीच्यांसाठी मला फिकहच्या पुस्तकांकडेच बोट दाखवायचं आहे. ज्याला एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू टिकवून फर्ज अदा करण्याइतकीही सवड मिळत नाही, त्याला हनफी फिकहमध्ये ‘माजूर’ म्हणतात. तो प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एक वुजू करतो आणि त्या वेळेत तोच त्रास पुन्हा झाला तरी त्याचा वुजू तुटत नाही. कोकणातले आपले शाफई भाई वेगळ्या पद्धतीने, प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करून, तिथेच पोचतात. हाजत दाबून धरून नमाज पढणं नापसंत आहे, हे हदीसमध्ये आलेलं आहे. आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनात आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांनी माणसाच्या आतड्याचा विचार गंभीरपणे, न लाजता, न हसता केला. त्यांच्या किताबांत वारा सुटणं, लघवी गळणं, जुलाब वाहणं यांवर बाबच्या बाब आहेत. आणि त्यांचं नाव घेणारे आपण वुजूखान्यात तीनदा गेलेल्या तरुणाकडे पाहून हसतो.

आमच्यातले बरेच जण माजूरच्या व्याख्येत बसतही नाहीत. त्यांना सवलत नको असते, त्यांना सफेत उभं राहायचं असतं. जुम्याला खुतबा ऐकायचा असतो, तरावीहच्या वीस रकातींत मधूनच उठून जायचं नसतं. सहरीला घेतलेली एक कॅप्सूल त्यांना ते देत असेल, तर ती कॅप्सूल इबादतीच्या आड कुठे आली? ती तर इबादतीची वाट मोकळी करते. ज्याला आपल्या बाबतीत शंका आहे त्याने जाणत्या आलिमला आणि जाणत्या डॉक्टरला, दोघांनाही विचारावं. कट्ट्यावरच्या चाचांना नव्हे.

बायकांचं दुःख याच्या दुप्पट आहे. पुरुष रस्त्यात कुठल्यातरी मशिदीत किंवा हॉटेलात घुसतो. बाईला ती सोयही नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली ती नुसती लघवीची जागा मिळावी म्हणून, यावरून बाकीचा हिशेब करा. त्यात मुलगी लग्नाची असेल तर घरचेच गोळ्यांची स्ट्रिप कपाटात लपवतात. रिश्ता येणार असतो. मला माहीत असलेल्या एका मुलीने बी.एड.चं कॉलेज सोडलं, कारण बस दीड तासाची होती. घरात कारण सांगितलं गेलं, ‘तिला शिकायचं नाही.’ ती उत्तम शिक्षिका झाली असती. चार महिने योग्य मात्रा शोधायला कुणी मदत केली असती तर पुरे होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डॉक्टरांनी ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणून फाइल बंद करू नये. आजाराचं नाव सांगावं आणि गोळी कधी, किती, कधी नाही, हे कागदावर लिहून द्यावं. मेडिकलवाल्या भाईंनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं थांबवावं, मग आम्हाला उपदेश करावा. मशिदीच्या कमिट्यांनी झुंबर बदलण्याआधी संडासाची कडी आणि नळ दुरुस्त करावा, आणि जिथे बायका येतात तिथे त्यांच्यासाठी वेगळा बांधावा. घरच्यांनी ‘पुन्हा गेलास?’ हा प्रश्न कायमचा बंद करावा.

आणि ज्याच्या खिशात ती स्ट्रिप आहे त्याला मी एवढंच म्हणेन: कुणी विचारलं तर डोकेदुखी सांगू नकोस, भाई. ‘माझ्या आतड्याला आजार आहे आणि ही त्याची गोळी आहे’, हे वाक्य मधुमेहवाल्याच्या वाक्याएवढंच सरळ आहे. ते चारचौघांत म्हणायला लाग. तुझ्या शेजारी बसलेल्यांपैकी निदान एकजण तेच लपवत बसलेला असतो.